रविवारचा पोर्ट्रेट सराव: चष्मेवाल्यांनी चष्मा घालूनच या

सभासदांनो, गेल्या वेळी निम्म्या फोटोंत डोळ्यांच्या जागी सॉफ्टबॉक्सचे (लाइटवर लावायच्या, प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीचे) पांढरे चौकोनच आले होते. म्हणून या वेळी चष्मा काढायचा नाही, सराव त्याचाच आहे.

लाइट चेहऱ्याच्या वर आणि बाजूला, साधारण ४५ अंशांवर न्या. काचेवर प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. तो कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये शिरू नये एवढंच पाहायचं. तरी चमक राहिलीच, तर चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर उचला, काच खाली झुकते. हनुवटीही किंचित खाली.

पोलरायझरवर (चमक कमी करायला लेन्सवर लावतात त्या फिल्टरवर) विसंबू नका. समोरासमोरच्या चमकेवर तो फारसा चालत नाही, वर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा).

आणि कृपया, काच पुसायचं कापड आणा. बोटांचे ठसे कोन बदलून जात नाहीत!