दांडी खांद्यावर घेता येते ती सायकल

काम्पेनहाउट, बेल्जियम
23 नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर नव्या सायकलचा विषय निघाला, तेव्हा बाबांनी तिची किंमत विचारली आणि आईने तिचे टायर इतके बारीक का दिसतात ते विचारले. दोन्ही प्रश्नांना मी घाईघाईत उत्तरे दिली. फोन ठेवल्यावर तुमचे समाधान झालेले नाही हे मला जाणवत राहिले, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे.

आधी पैशांचे सांगते. सायकल वापरलेली घेतली आहे, अकराशे युरोंना, म्हणजे आपले लाखाच्या वर रुपये. एवढ्यात तिकडे स्कूटर आली असती हे बाबांचे म्हणणे अगदी खरे आहे. पण इथे खासगी कंपन्यांतल्या माणसांना सायकलने कामावर येण्याबद्दल किलोमीटरमागे भत्ता मिळतो आणि जिथे आधी अशी सोय नव्हती तिथेही 1 मे 2023 पासून ती लागू झाली आहे. माझे रोजचे जाणे-येणे बावीस किलोमीटरचे आहे. त्या भत्त्यातून वर्षभरात सायकलची किंमत भरून निघते आणि मोटार घेतली असती तर विमा, कर आणि पार्किंग यांवर गेला असता तो सगळा पैसा हातात राहतो.

आता हीच सायकल का घेतली ते सांगते. या प्रकाराला इथे सायक्लोक्रॉस म्हणतात. ही मुळात हिवाळ्यातल्या शर्यतीची सायकल. शेतातून, वाळूतून, गवताच्या चढावरून साधारण तासभर ही शर्यत चालते. वाटेत मुद्दाम फळ्यांचे अडथळे उभे केलेले असतात आणि तिथे स्वार धावत्या सायकलवरून उतरतो, ती उचलतो, पलीकडे जातो आणि पुन्हा उडी मारून बसतो. फ्रान्समध्ये 1902 मध्ये या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, पण आज त्याचे खरे घर फ्लँडर्स, म्हणजे मी राहते तो बेल्जियमचा डचभाषक भाग. दरवर्षी 1 नोव्हेंबरला कोपेनबर्ग नावाच्या टेकडीवर एक शर्यत होते. यंदा ती पाहायला मी ऑफिसमधल्या मैत्रिणींबरोबर गेले होते. त्या चिखलात स्वार सायकली खांद्यावर घेऊन चढ चढत होते आणि बाबा, मला एकाएकी तुम्ही दिसलात.

बार्शीजवळच्या त्या शाळेत तुम्ही सायकलने जात होता तेव्हाची गोष्ट तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितली आहे! पहिला मोठा पाऊस झाला की काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसायची की चाक फिरेनासे व्हायचे. मग बाभळीची काटकी मोडून ती माती उकरायची, शंभर पावले गेले की पुन्हा तेच, आणि शेवटी ओढ्याला पाणी आलेले असले की दांडी खांद्यावर घालून पलीकडे जायचे. तुमच्या खांद्यावर पडलेला तो काळा वण मी लहानपणी बोटाने चाचपून पाहत असे. माझ्या सायकलची सगळी घडण नेमकी या दोन अडचणींना धरून केलेली आहे. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये बोटभर फट मुद्दाम सोडलेली आहे, त्यामुळे चिखल अडकत नाही, गळून पडतो. दांडीची खालची बाजू गोल नसून चपटी आहे आणि ब्रेक-गिअरच्या तारा दांडीच्या खालून नेलेल्या नाहीत, म्हणजे सायकल उचलली तरी खांद्याला काही रुतत नाही. वजन जेमतेम दहा किलो. तुमची सायकल याच्या दुपटीहून जड असेल आणि तीच तुम्ही वर्षानुवर्षे ओढ्यापार नेलीत.

आई, तुझ्या टायरच्या काळजीचे उत्तरही बाबांच्याच सायकलमध्ये आहे. तिच्या टायरवर 28 बाय दीड असे लिहिलेले आहे, म्हणजे रुंदी दीड इंच, साधारण 38 मिलिमीटर. माझा टायर 35 मिलिमीटरचा आहे. मोठ्या शर्यतींत 33 च्या वर परवानगी नसते, पण मला शर्यतीत उतरायचे नाही, म्हणून मी थोडा रुंद घेतला. फोटोत तो बारीक दिसतो तो मडगार्ड काढलेले असल्यामुळे. ब्रेक डिस्कचे आहेत. बाबांच्या सायकलचे ब्रेक रिमला दाबत आणि रिम ओली झाली की धरत नसत. यात ब्रेक चाकाच्या मध्यभागी, पाण्यापासून बराच वर असतो.

एक गोष्ट मात्र मी तुमच्यापासून लपवून ठेवली होती, ती आज सांगते. ऑक्टोबरच्या मध्यात मी एकदा पडले. कोपर खरचटले, बाकी काही नाही, आणि ते आता पूर्ण बरे झाले आहे. चूक माझीच होती. आदल्या दिवशी पंपाने हवा भरताना टायर दगडासारखे कडक केले होते, कारण कडक टायर वेगाने पळतो असा माझा समज होता. दुसऱ्या दिवशी कालव्याच्या लॉकजवळ, म्हणजे नावा खालीवर नेण्यासाठी पाणी अडवणाऱ्या दारांजवळ, वळताना ओल्या पानांवर पुढचे चाक सरकले. टायर थोडा मऊ असला की जमिनीला जास्त टेकतो आणि पकड धरतो, हे त्यानंतर मला नीट समजले. आता पक्क्या रस्त्यासाठी मी साडेतीन बार (बार हे हवेच्या दाबाचे माप) हवा ठेवते, जंगलात जायचे असले की अडीचपर्यंत उतरवते, आणि निघण्यापूर्वी बाबांसारखीच अंगठ्याने दाबून पाहते.

रोजचा रस्ता सांगितला म्हणजे तुमची धास्ती आणखी कमी होईल. माझ्या घरापासून ल्यूव्हनपर्यंत, म्हणजे माझे ऑफिस आहे त्या शहरापर्यंत, अठराव्या शतकात खोदलेला कालवा आहे आणि त्याच्या काठाने पूर्वी घोडे नावा ओढत नेत, ती वाट आता सायकलींसाठी आहे. त्या वाटेवर मोटारींची वर्दळ नाही. वाटेचा बराच भाग गुळगुळीत आहे, पण मुळांनी उचललेले तुकडे मध्येच लागतात आणि शहरात शिरले की जुन्या दगडी फरसबंदीवर हात बधिर होतात. साध्या रस्त्याची शर्यतीची सायकल तिथे आपटत राहते, डोंगरी सायकल अकरा किलोमीटरवर दमवते, आणि इथली घरगुती सायकल आरामशीर असली तरी कालव्यावरच्या समोरच्या वाऱ्यात पुढे सरकता सरकत नाही. मी या तिन्ही प्रकारच्या सायकली मैत्रिणींकडून मागून चालवून पाहिल्या होत्या. डिसेंबरात इथे पावणेनऊच्या सुमारास उजाडते आणि पावणेपाचच्या आत मावळते, तेव्हा जाताना-येताना दोन्ही वेळा अंधारच असतो. म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायम लावलेला असतो, अंगावर चमकणारे जाकीट असते आणि हेल्मेट सक्तीचे नसले तरी मी घालतेच.

सोमवार ते शुक्रवार मागे कॅरिअर आणि दोन्ही मडगार्ड असतात. डबा, लॅपटॉप आणि पावसाळी पँट कॅरिअरला अडकवलेल्या पिशवीत मावतात. ते बसवायची भोके असलेली फ्रेम मिळेपर्यंत मी दोन महिने थांबले, कारण निव्वळ शर्यतीसाठी केलेल्या फ्रेमला ती नसतात. मडगार्ड लावले की ती बोटभर फट भरून जाते आणि ओली पाने आत अडकतात, ही या सायकलची एकच खोड. म्हणून शनिवारी संध्याकाळी सगळे स्क्रू काढून ती मोकळी करते आणि रविवारी मीरडालच्या जंगलात जाते. आज सकाळी तिथे वाटेवर बीच जातीचे एक मोठे झाड आडवे पडले होते. मी खाली उतरले, उजवा हात दांडीखालून घालून सायकल खांद्यावर घेतली आणि खोडावर पाय देऊन पलीकडे उतरले. घरी येऊन चेनवरचा चिखल जुन्या दात घासायच्या ब्रशने काढला, तेल घातले आणि मग हे पत्र लिहायला घेतले.

बाबा, आई म्हणत होती की तुमची सायकल भंगारात द्यायचे घाटते आहे. कृपा करून देऊ नका. मी फेब्रुवारीत तीन आठवडे येणार आहे. तोपर्यंत चौकातल्या दुकानात तिला नव्या ट्यूब आणि टायर बसवून घ्या, 28 बाय दीडचेच, आणि खर्च मला सांगा. शाळेचा तो रस्ता मला ओढ्यापर्यंत चालवून पाहायचा आहे. फेब्रुवारीत ओढा कोरडाच असेल, पण सायकल मी खांद्यावरूनच नेईन. ती कशी धरायची ते मात्र तुम्ही काठावर उभे राहून दाखवा.

आईच्या गुडघ्याचे औषध चालू असेलच. दोघेही प्रकृतीला जपा.

तुमची,
धाकटी