एका दिग्दर्शकावर दहा जण लिहितात तेव्हा

महोदय,

एक दिग्दर्शक निवडून त्याच्या सगळ्या चित्रपटांवर अनेकांनी मिळून लिहिण्याचे उपक्रम हल्ली बरेच दिसतात. कल्पना चांगलीच आहे. पन्नासेक चित्रपट एकट्याने दोन-दोनदा पाहून लिहायचे म्हटले तर उत्साह निम्म्या वाटेवरच आटतो. पण असे बहुतेक उपक्रम लेखनात नव्हे, वाटपातच फसतात, म्हणून हे पत्र.

'ज्याला जो आवडतो तो त्याने घ्यावा' असे ठरले की घोटाळा सुरू होतो. आल्फ्रेड हिचकॉकचे उदाहरण घ्या. 'रिअर विंडो' (१९५४), 'व्हर्टिगो' (१९५८) आणि 'सायको' (१९६०) यांच्यावर उड्या पडतात आणि १९३०च्या आगेमागे त्याने ब्रिटनमध्ये केलेल्या नाट्यरूपांतरांना कोणी वाली उरत नाही. खरे तर नावाजलेल्या चित्रपटांवर ढिगाने लिहून झाले आहे. दहा जण एकत्र येण्याचा फायदा असलाच तर तो या दुर्लक्षित चित्रपटांपुरता. म्हणून प्रत्येकाला सलग चार-पाच चित्रपट द्यावेत, निवड करू देऊ नये. शिवाय आपल्या टप्प्याच्या आधीचा एक आणि नंतरचा एक चित्रपट पाहणे सक्तीचे ठेवावे. नाहीतर आधीच्याच चित्रपटात येऊन गेलेली क्लृप्ती 'इथे प्रथमच दिसते' असे लिहिले जाते आणि शेजारचाच लेख ते खोटे पाडतो.

यादी चित्रीकरणाच्या क्रमाने लावावी, प्रदर्शनाच्या नव्हे. 'द प्लेझर गार्डन'चे चित्रीकरण १९२५ मधले, पण ब्रिटनमधल्या सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे तो १९२७ मध्ये आला. प्रदर्शनाचे साल धरून शैलीची वाढ दाखवू गेले की गाडी रुळावरून घसरते.

दुसरी अडचण आवृत्तीची, आणि ती बहुतेकांच्या गावीही नसते. 'ब्लॅकमेल' (१९२९) मूक आणि बोलका असा दोन्ही रूपांत उपलब्ध आहे. बोलक्या रूपात न्याहारीच्या टेबलाशी शेजारीण बडबडत असते. हळूहळू तिचे बाकीचे शब्द अस्पष्ट होत जातात आणि आदल्या रात्री हातून खून घडलेल्या नायिकेला, आणि तिच्याबरोबर आपल्याला, 'सुरी' एवढाच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतो. हिचकॉकच्या ध्वनिवापराबद्दल लिहिताना हा प्रसंग टाळता येत नाही. मूक प्रत पाहणाऱ्याला तो असा भेटणारच नाही. 'व्हर्टिगो'च्या १९९६च्या पुनरुज्जीवित प्रतीत कितीतरी ध्वनिपरिणाम नव्याने तयार केलेले आहेत. त्यातल्या गोळीच्या आवाजावरून कोणी १९५८च्या ध्वनियोजनेची तारीफ करू लागला तर ती भलत्याच्या खाती जमा होते.

वेळेचेही तसेच. सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) चित्रपट काही देशांतल्या जुन्या दूरचित्रवाणी पद्धतीसाठी २५ चौकटींनी चालवला जाई. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो. त्यातून एकही दृश्य कापलेले नसते, तरी 'माझ्या प्रतीत पाच मिनिटे कमी आहेत' असे वाद झडतात. मूकपटांत तर १८ चौकटींच्या गतीने ९० मिनिटे चालणारी प्रत २४च्या गतीने साडेसदुसष्ट मिनिटांत आटोपते. तेव्हा 'बेचाळिसाव्या मिनिटाला' असे लिहू नये. दृश्य कोणते ते शब्दांत सांगावे आणि लेखाखाली प्रतीचा प्रकार व एकूण कालावधी द्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक जण एकेक चित्रपट घेऊन बसला की सगळे श्रेय आणि सगळा दोष दिग्दर्शकाच्या माथी जातो. म्हणून दहांपैकी एका माणसाला चित्रपट देऊच नयेत, कोणत्या चित्रपटावर कोणते सहकारी होते याचा तक्ता करायला द्यावा. छायालेखक रॉबर्ट बर्क्स १९५१ ते १९६४ या काळात हिचकॉकच्या बारा चित्रपटांवर होता. मधला 'सायको' तेवढा त्याचा नाही. संकलक जॉर्ज टोमासिनीने 'रिअर विंडो'पासून 'मार्नी'पर्यंत (१९६४) नऊ चित्रपट जोडले. संगीतकार बर्नार्ड हरमन १९५५ पासून सोबत होता. टोमासिनी १९६४ मध्येच वारला आणि 'टॉर्न कर्टन'साठी (१९६६) हरमनने केलेले संगीत नाकारले गेले. बर्क्सही त्या चित्रपटावर नव्हता. 'टॉर्न कर्टन' सुटा पाहणारा 'दिग्दर्शक थकला' असे लिहून मोकळा होतो. सहकाऱ्यांचा तक्ता हाती असलेल्याला दिसते की छायालेखन, संकलन आणि संगीत या तिन्ही खुर्च्या एकाच सुमारास रिकाम्या झाल्या होत्या. म्हणून हिचकॉक थकला नव्हताच असे नाही, पण प्रश्न बदलतो. हा तक्ता लेखन सुरू होण्याआधी सगळ्यांच्या हाती पडला पाहिजे. नंतर मिळून काही उपयोग नाही.

पाल्हाळ रोखणे सोपे आहे. हिचकॉक स्वतः क्षणभर पडद्यावर कुठे दिसतो, ही गंमत एका टिपणात एकदाच सांगून टाकावी. एरवी ती प्रत्येक लेखाच्या पहिल्या परिच्छेदात हजेरी लावते. (तिचा कंटाळा खुद्द हिचकॉकलाही आला असावा, अशी आमची शंका आहे.)

आणि हरवलेल्या चित्रपटाची जागा रिकामी ठेवू नये. 'द माउंटन ईगल'ची (१९२६) एकही प्रत आज सापडत नाही, काही स्थिरचित्रे तेवढी उरली आहेत. ज्याला तो टप्पा मिळेल त्याने या छायाचित्रांत काय दिसते तेवढेच दोनशे शब्दांत लिहावे. दर्जाबद्दल मात्र अवाक्षर काढू नये.

– चित्रपटविषयक लेखनाचे संपादन करणारे काही वाचक