बीबीसी टू सुरू झाली त्या रात्री लाईट गेली होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटनच्या जुन्या टीव्हीवरचा लेख वाचला. लेख मनापासून आवडला. मी स्वतः तीस वर्षं टीव्ही रिपेअरिंग केलंय, त्यामुळे असं काही आलं की हातातलं काम टाकून वाचतो. पण त्यात एक वाक्य आहे की २० एप्रिल १९६४ ला बीबीसी टू, म्हणजे बीबीसीचं दुसरं चॅनल, सुरू झाली आणि पहिल्याच रात्री 'किस मी केट' हे संगीत नाटक दाखवलं, आणि ते चुकलंय. लेखकाचा दोष नाही, त्या दिवसाच्या छापील कार्यक्रमात तसंच आहे, नाटक आहे, रशियन विनोदी नट अर्काडी रायकिनचा कार्यक्रम आहे, शेवटी आतषबाजी पण आहे. पण यातलं काहीच त्या रात्री दिसलं नाही.

झालं असं की चॅनल सुरू व्हायचं होतं संध्याकाळी ७.२० ला, आणि साधारण पावणेसातला बॅटरसी पॉवर स्टेशनमध्ये आग लागली आणि पश्चिम लंडनच्या मोठ्या भागातली लाईट गेली, त्यात बीबीसीचं टेलिव्हिजन सेंटर पण आलं. स्टुडिओ तयार, माणसं तयार, महिनोन्‌महिने जाहिरात केलेली, कांगारूची आई आणि तिच्या पोटातलं पिल्लू असं चित्र करून लोकांना सांगत होते की जुन्या चॅनलच्या पोटातून नवं येतंय, आणि ऐन वेळी अंधार. शहराच्या उत्तरेला अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये बातम्यांचा विभाग होता तिथली लाईट शाबूत होती, म्हणून जेराल्ड प्रीस्टलंड तिथे बसून बातम्या सांगत होते आणि सारखी माफी मागत होते. आता येईल मग येईल करत शेवटी त्या रात्रीचे कार्यक्रम रद्दच करावे लागले. आपल्याकडच्या 'व्यत्यय'च्या पाटीसमोर ज्यांनी तासन्‌तास काढलेत त्यांना वेगळं काही सांगायला नको.

मला वाईट वाटतं ते सेट घेतलेल्या लोकांचं. जुनं चॅनल होतं ४०५ लाईनचं (टीव्हीचं चित्र आडव्या रेघांनी बनतं, त्या या लाईन), हे नवं ६२५ लाईनचं आणि यूएचएफ या वेगळ्या लहरींवर, म्हणजे जुन्या सेटवर ते दिसणारच नाही, नवा सेट घ्या आणि वर कौलावर वेगळा अँटेना लावा. (आपलं मुंबई दूरदर्शन १९७२ ला आलं ते सरळ ६२५ वरच, त्यामुळे ही कटकट आपल्या वाट्याला आली नाही.) सुरुवातीला दिसत होतं ते पण फक्त लंडन आणि आजूबाजूला. अँटेनावाल्याचं काम काय असतं ते मला माहितीये, गच्चीवर एक जण अँटेना फिरवतोय, खाली घरातलं पोरगं खिडकीतून ओरडतंय 'आलं, आलं, गेलं, परत मुंग्या'. एवढी यातायात करून, पैसे मोजून, सगळं घर टीव्हीसमोर बसवलं आणि समोर हे, तर त्या घरातल्या माणसाला पहिल्यांदा वाटलं असणार की आपलाच सेट बिघडलाय. माझ्याकडे अशी गिऱ्हाईकं रोज यायची, सेट चांगला आणि बंद तिकडून.

आणि यातून जी गोष्ट घडली ती मला सगळ्यात आवडते. दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला सकाळी ११ वाजता लहान मुलांचा 'प्ले स्कूल' लागायचा होता, आधीपासून ठरलेला, तो वेळेवर लागला. म्हणजे एवढा गाजावाजा केलेल्या चॅनलवर ठरल्याप्रमाणे लागलेला पहिला कार्यक्रम बालवाडीच्या वयाच्या पोरांचा. त्यात एक गोल खिडकी, एक चौकोनी, एक कमानीची, आज कुठल्या खिडकीतून बघायचं ते ठरायचं, मग कॅमेरा त्या खिडकीतून आत आणि बाहेरच्या जगाची छोटीशी फिल्म सुरू. हा कार्यक्रम पुढे १९८८ पर्यंत चालला. संध्याकाळी मग बाकीचं सुरू झालं, पडद्यावर आधी अंधार, त्यात एक पेटलेली मेणबत्ती, आणि निवेदक डेनिस टुओही यांनी ती फुंकून विझवली. झालेला पचका न लपवता असं लोकांसमोर यायला मोठं मन लागतं, मला तरी हे फार भावलं.

आता हे एवढं का लिहिलं. नुसता छापील कार्यक्रम बघितला तर २० तारखेला काय झालं ते चुकीचं कळतं, आणि छापील कार्यक्रमच नसता तर काय बुडालं तेच कळलं नसतं. दोन्ही लागतं. बीबीसीने त्या काळात टेपा महाग म्हणून पुसून परत वापरल्या, 'डॉक्टर हू' या त्यांच्या गाजलेल्या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असे गेले, काही भागांचा नुसता आवाज राहिलाय तो पण लोकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून घेतला म्हणून. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला त्या रात्रीचं त्यांच्या स्टुडिओतलं रेकॉर्डिंग पण त्यांनी ठेवलं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जेवण गेलं नाही. पण एक काम त्यांनी फार चांगलं केलं, 'रेडिओ टाइम्स' या त्यांच्या साप्ताहिकात छापलेले १९२३ ते २००९ चे रोजचे कार्यक्रम २०१४ मध्ये ऑनलाईन सगळ्यांसाठी उघडे केले, आणि प्रत्यक्षात काही वेगळं लागलं असेल तर लोकांनी कळवावं अशी सोय पण ठेवली.

तर संपादक साहेब, माझी विनंती हीच. आपल्या पेपरात वर्षानुवर्षं दूरदर्शनचे 'आजचे कार्यक्रम' छापून यायचे, त्या फायली आपल्याकडे असतीलच. तेवढा कॉलम स्कॅन करून वेबसाईटवर टाका. मागच्या महिन्यात आईची ट्रंक आवरताना तळाला घातलेला आपलाच पेपर निघाला, तेलाचे डाग, एका कोपऱ्याला कसर लागलेली, तारखेचा भाग फाटलेला, पण त्या कॉलममध्ये 'आमची माती आमची माणसं' वाचता येत होतं आणि खाली 'गजरा'. ट्रंक तशीच राहिली, मी आणि बायको तिथेच जमिनीवर बसून त्या चार ओळींवर अर्धा तास बोलत होतो, त्या दिवशी कोणाच्या घरी बघायला गेलो होतो, मध्येच लाईट गेली होती का, सगळं. साप्ताहिकी लागली की माझे वडील वही घेऊन बसायचे आणि आठवड्याचे कार्यक्रम लिहून घ्यायचे, ती वही आता नाही.

कॉलम टाकलात तर खाली लोकांना लिहायला जागा ठेवा, त्या दिवशी खरं काय लागलं होतं ते सांगणारी सत्तरी-ऐंशीतली माणसं अजून आहेत आणि त्यांना हे पक्कं आठवतं. माझ्याकडचा कागद मी ओला होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय, पाहिजे असेल तर ऑफिसात आणून देतो, फक्त परत द्या.

आपला,
एक जुना वाचक, मिरज