मला टीबी नाही, ईराला घेऊन ये

नाशिक

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

काल कल्चरचा, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघतात त्या तपासणीचा, रिपोर्ट आला. मला टीबी नाही. फोनवर तू ऐकतोस आणि घाईत विसरतोस, म्हणून लिहून पाठवते आहे.

थुंकीत जंतू दिसले म्हणून मी चार महिने टीबीच्या गोळ्या घेतल्या. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू सारखेच दिसतात रे. पण सीबीनॅटमध्ये, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधतात त्या तपासणीत, टीबी आला नव्हता, तरी तेव्हा कुणी पुढे तपासलं नाही, याचा मला अजून राग येतो. नव्या डॉक्टरांनी कल्चर करायला लावलं. निघाला मायकोबॅक्टेरियम एव्हियम. टीबीच्याच कुळातला, पण पाण्यात आणि मातीत राहणारा. अंगावर मेणासारखं कवच असल्यामुळे तो क्लोरीनलाही सहज दाद देत नाही. नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांबरोबर श्वासात जातो. 2009 साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या नॉर्मन पेस यांच्या गटाने अमेरिकेतल्या नऊ शहरांतले शॉवर तपासले, तेव्हा काही शॉवरच्या तोंडाशी हा जंतू येणाऱ्या पाण्याच्या शंभर पटींहून जास्त सापडला.

माझ्या छातीत तो शॉवरमधूनच आला, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. लहानपणच्या डांग्या खोकल्याने माझ्या श्वासनलिका रुंदावल्या आहेत, तिथे तो ठाण मांडून बसला. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही.

आता अझिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल. थुंकी स्वच्छ झाल्यावरही वर्षभर. इथॅम्ब्युटॉलने लाल-हिरवा रंग ओळखण्यात फरक पडू शकतो, म्हणून डोळे तपासून घेत राहायचे. मी करेन सगळं, तू काळजी करू नकोस.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. ईराला लागण नको, असं अश्विनी म्हणाली, ते योग्यच होतं. टीबी असता तर मीही तिला लांबच ठेवलं असतं. पण हा आजार माझ्याकडून तिला लागत नाही. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, तिला मांडीवर घेऊ का? ते म्हणाले, खुशाल घ्या.

म्हणून मे महिन्यात तिला घेऊन ये. शॉवर मी काढून टाकलाय, न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवते. आजीचं तांब्याचं घंगाळ माळ्यावरून काढून चिंचेने घासून ठेवलंय. गिझर 60 अंशांवर आहे, पाणी फार कढत येतं. तिच्या आंघोळीला आधी गार पाणी ओतायचं, मग गरम, हे अश्विनीला आठवणीने सांग.

तुझी,
आई