ठेकेदाराला कामाला लावण्याआधी : सोसायटीच्या आवारातल्या झाडांबद्दल अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
बडोदे

विषय : भिंतीलगतची झाडं तोडणं, कडुनिंबांची छाटणी आणि कॉमन प्लॉटमधले पेव्हर ब्लॉक यांबाबतच्या ठरावाचा फेरविचार व्हावा.

सप्रेम नमस्कार.

समितीचा ठराव नोटीस बोर्डावर वाचला. पावसाळ्याआधी तीन कामं उरकायची असं ठरलेलं दिसतं. पश्चिमेच्या भिंतीलगतची कोनोकार्पसची अख्खी रांग तोडून तिथे फॉक्सटेल पाम लावायचे, पार्किंगवरचे कडुनिंब ‘वरून निम्मे’ करायचे आणि कॉमन प्लॉटमध्ये जी काही उघडी माती उरली आहे तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे. पहिलं काम व्हायला हवं, पण असं नव्हे. दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाला माझा स्पष्ट विरोध आहे. सभेत पाणी आणि पार्किंग यांतच वेळ संपतो, म्हणून सगळं सविस्तर लिहून देते आहे. गुजराती सभासदांसाठी याचा तर्जुमा मी स्वतः करून बोर्डावर लावेन.

आधी कोनोकार्पसबद्दल. हे झाड सोमालिया-येमेनच्या बाजूचं. झपाट्याने वाढतं, बारा महिने हिरवं राहतं, म्हणून बिल्डरांनी आणि रस्तेवाल्यांनी ते सगळीकडे लावलं. गुजरात सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. कारणं दोन : हिवाळ्यात फुलोरा आला की परागकणांमुळे सर्दी, दमा, ॲलर्जी बळावते, आणि त्याची मुळं केबल, पाण्याची लाइन, गटार यांत शिरून नुकसान करतात. आपल्याकडे मागे ड्रेनेजचं चेंबर उघडलं तेव्हा प्लंबरने आतून बारीक तांबूस मुळांचा गठ्ठा ओढून काढला होता, तो समितीतल्या काहीजणांनी पाहिला असेल. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी : धडधाकट पाइप मुळं सहसा फोडत नाहीत. जिथे जोड गळतो तिथे ओल मिळते आणि त्या फटीतून ती आत शिरतात. तेव्हा झाड काढलं आणि जोड तसाच ठेवला, तर उद्या दुसऱ्या झाडाची मुळं तिथेच येतील. लाइनची दुरुस्ती याच कामात धरायला हवी.

आता रीत. बंदी लागवडीवर आहे. उभी झाडं एका दिवसात भुईसपाट करा असं तिने सांगितलेलं नाही. ही रांग पश्चिमेला आहे. दुपारी दोनपासून मावळतीपर्यंतचं ऊन सी विंगच्या भिंतींवर येतं ते तिच्यातून गाळून. बडोद्याचा मे महिना मी कुणाला समजावून सांगायला नको. रांग एकदम गेली तर खालच्या दोन मजल्यांवरचे लोक, त्यांतही दिवसभर घरात असणारे वयस्कर, पुढची सात-आठ वर्षं त्या उन्हात तळतील. पानं नुसतं ऊन अडवत नाहीत. ती मुळांनी ओढलेलं पाणी वाफ करून सोडतात आणि त्यात हवेतली उष्णता खर्ची पडते. तापलेली भिंत आणि पेव्हर मात्र दिवसभराची उष्णता रात्री परत देत बसतात.

म्हणून माझं म्हणणं असं की दर पावसाळ्यात तिसरं-तिसरं झाड काढावं आणि त्या जागी लगेच देशी झाड लावावं. नवी झाडं वर येतील तशी उरलेली जुनी काढावीत. तीन-चार वर्षांत रांग बदलेल आणि सावली एका वेळी कुठूनही पूर्ण जाणार नाही. तोडलेल्याचा बुंधा मात्र मुळासकट काढायला हवा. नुसतं जमिनीलगत कापलं की कोनोकार्पस दुप्पट जोमाने फुटतो. आणि कुऱ्हाड लावण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी फाइलला लावलेली असावी.

फॉक्सटेल पामचा विचार कृपया सोडूनच द्यावा. ते फाटकापाशी शोभेला ठीक. ऊन अडवायला, पाखरांना बसायला, हवा थंड ठेवायला त्यांचा उपयोग अगदी थोडा.

दुसरं काम कडुनिंबांचं, आणि या पत्राचं खरं कारण तेच आहे. गेटजवळच्या कडुनिंबाखाली उभं राहून समितीने एकदा वर पाहावं. दोन वर्षांपूर्वी जिथे जाड फांदी मध्येच तोडली, तिथे तिचं हातभर खुंट उरलंय. खुंटाच्या टोकाला साल सुटली आहे, आतलं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालंय आणि पावसाळ्यात तिथे कुत्र्याच्या छत्रीसारखी कडक बुरशी येते. त्याच खुंटाच्या कडेने वीस-पंचवीस सरळसोट फोक, म्हणजे नव्या बारीक फांद्या, वर गेलेत. लांबून झाड ‘छान फुटलंय’ असं वाटतं. पण मूळची फांदी खोडाच्या लाकडात आतपर्यंत रुतलेली असते, आणि हे फोक नुसते सालीलगतच्या थरातून आलेले आहेत. ते जाड झाले, वजन वाढलं आणि वादळ आलं, की तेच आधी गाड्यांवर पडणार. म्हणजे गाड्या वाचवायला केलेली छाटणीच त्यांना धोका निर्माण करते. शेंडा निम्मा केला की झाडाचं अन्न बनवणारी पानंही निम्मी जातात. सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात उघडी पडून भाजते. झाड खचतं ते इथून.

नीट छाटणी वेगळी असते. वाळलेली फांदी, दुसरीवर घासणारी फांदी, चिरलेली फांदी, छतावर टेकलेली फांदी एवढीच काढायची. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर कड दिसते. त्या कडेच्या लगेच बाहेर कापायचं. कडही कापायची नाही आणि खुंटही ठेवायचं नाही. जड फांदी असेल तर तीन काप घ्यायचे : पहिला थोड्या अंतरावर खालून, दुसरा त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे वजन निघून जातं आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही, तिसऱ्या कापाने उरलेलं खुंट कडेशी काढायचं. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी खोडं उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड सडका भाग आतून भिंत घालून वेगळा करतं आणि पुढे नवं लाकूड चढवतं. कापाची जागा चुकली तर ती भिंत नीट बनत नाही. वरून डांबर किंवा गेरू फासल्याने यात काही फरक पडत नाही.

ठेकेदाराबद्दलही स्पष्ट लिहिते. त्याचा दर स्वस्त आहे, कारण लाकूड त्याला मिळणार आहे. ज्याला लाकडाचा मोबदला मिळतो तो वाळकी काटकी काढायला वर चढत नाही, जाड फांदीवरच करवत लावतो. त्याला दोष द्यायचा नाही, करारच तसा आहे. आपण मजुरीचे पूर्ण पैसे द्यावेत, लाकूड सोसायटीचं ठेवावं आणि कुठली फांदी कापायची ते आधी खडूने खुणा करून दाखवावं. वाळकं कधीही काढता येतं. पण ओल्या फांद्यांची छाटणी थंडीच्या अखेरीस, नवी पालवी फुटायच्या आधी व्हावी. आत्ता या झाडांवर कावळ्यांची आणि त्यांच्या भरवशावर कोकिळांची पिलं वाढायचे दिवस आहेत.

आता पेव्हर ब्लॉक. झाडं पडतात ती बहुधा वरच्या भारामुळे नव्हे, खाली मुळांचा आधार गेल्यामुळे. मागल्या पावसात आपल्या गल्लीच्या तोंडाशी जो गुलमोहर आडवा झाला, त्याच्या एका अंगाची मुळं केबलच्या चरासाठी सरळ रेषेत तोडलेली होती; उपटलेल्या बुंध्यावर ती रेष चाकूने कापल्यासारखी दिसत होती. तरी बोलणं झालं ते गुलमोहराच्या ठिसूळपणाचंच. आपल्या आवारात पार्किंगच्या कडुनिंबांना पेव्हर अगदी खोडाला चिकटवलेत, वर सिमेंटची गोल कडी घातली आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि दुचाक्यांनी दाबून घट्ट झालेल्या मातीत दोन्ही जात नाहीत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो आदेश दिल्लीपुरता असला तरी माप आपल्यालाही वापरता येईल. प्रत्येक खोडाभोवती निदान मीटरभर जागा मोकळी करावी, पेव्हर हाताने उचलावेत, जेसीबी आणू नये, आणि तिथे पालापाचोळ्याचा थर टाकावा. माळी रोज तोच पाला गोळा करून कचरागाडीत देतो आहे.

कॉमन प्लॉट मातीचा राहिला म्हणून विश्वामित्रीचा पूर थांबेल असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी धोक्याची २६ फुटांची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, तिथे आपल्या प्लॉटची काय कथा. पण एरवीच्या पावसात बी विंगच्या जिन्यापाशी घोटाभर पाणी साचतं, ते मुरायला आवारात उरलेली हीच एक जागा आहे. आपलं बोअरही याच मातीवर अवलंबून आहे. गरब्यासाठी सपाट जागा हवी हे मला मान्य आहे. मधला भाग त्यासाठी राहू द्यावा, तोही चोपलेल्या मातीचा. कडेने चारी बाजूंना झाडं येऊ द्यावीत.

कुठली झाडं, याचा निर्णय नर्सरीत उभं राहून घेऊ नये. या शहरात तो तसा घेतला गेला नव्हता. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये कमाटीबाग उभारली, आणि १८९३ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून गुस्ताव क्रुंबिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला बडोद्यात आणलं. हेच क्रुंबिगल पुढे बंगळूरला गेले, आणि तिथे एक झाड फुलून गेलं की दुसरं फुलावं अशा हिशेबाने रस्ते सजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. आपल्या लहानशा आवारातही हे जमेल : फेब्रुवारी-मार्चला पांगारा, एप्रिल-मेला बहावा आणि ताम्हण, पावसाळ्यात कदंब, पाऊस सरताना बुच. भिंतीलगत करंज आणि बकुळ, कारण दोन्ही दाट सावली देतात आणि आवरून राहतात. कोपऱ्यात एक रायण (खिरणी) असावी. वेळ लावते, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. वडाची हौस आपल्या घरांत खूप आहे, वटपौर्णिमेला तोडलेल्या फांद्या आणून पूजा करावी लागते याची खंत मलाही आहे. तरी इमारतीजवळ वड लावू नये; त्यासाठी महापालिकेकडे बाहेरच्या बागेत जागा मागू.

फ्रँक सॅन्टामोर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९९० मध्ये शहरांसाठी एक साधा हिशेब मांडला : एका जातीची झाडं दहा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, म्हणजे एखादा रोग किंवा कीड आली तरी सगळं एकदम जात नाही. आपल्याकडे कोनोकार्पस आणि आसोपालव (खोटा अशोक) वगळले तर मोजायला फारसं काही उरतच नाही.

आणि एक वही हवी. लिफ्टची, टाकीच्या सफाईची, अग्निशामक यंत्रांची नोंद आपण ठेवतो. झाडांची कुठेच नाही. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, छातीच्या उंचीला घेर, काय दुखणं आहे, कधी काय केलं, एवढं लिहिलं तरी पुढची समिती अंधारात चाचपडणार नाही. ५ जूनला, पर्यावरण दिनी, लावलेली रोपं बहुतेक वाळली, कारण पहिले तीन उन्हाळे पाणी कुणी घालायचं हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. त्याची जबाबदारी आणि मेंटेनन्समधली ठरावीक रक्कम वार्षिक सभेत मंजूर करून घ्यावी. कमी रोपं लावा, पण मीटरभर खोल-रुंद खड्डा घेऊन, काळ्या मातीत रेती आणि शेणखत मिसळून लावा.

माझी विनंती इतकीच की येत्या रविवारी सकाळी समितीने अर्धा तास काढून माझ्याबरोबर आवारात फिरावं. टेप, खडू आणि वही मी आणते. माळ्यालाही बरोबर घेऊ, कुठलं झाड कुठे खचतंय ते त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पहिली नोंद त्याच दिवशी होईल. तोपर्यंत ठेकेदाराला दिलेली तारीख पुढे ढकलल्याचं लेखी कळवावं.

आपली,
एक सभासद, सी विंग