पाळी सुटल्यावर फोन कर

भोसरी,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शिरोलीच्या शेडमध्ये दुसरं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं लेथ मशीन आलं, हे वाचून फार आनंद झाला. ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज केलेल्या चौदाही जणांना मुलाखतीला बोलावून घेऊ का, असं विचारलंयस. नको रे. सांगलीजवळच्या कुपवाडहून येणाऱ्या पोराचा त्यापायी एक खाडा पडतो, पगार कापला जातो. आधी फोनवर बोल. पण जपून, कारण इथेच माझ्या हातून एक चूक झाली आणि ती अजून सलते.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाला मी सकाळी अकराला फोन लावला. "हो सर", "करतो सर" यापलीकडे तो बोलेना. पाच मिनिटांत मी त्याच्या नावावर काट मारली. नंतर कळलं, तो पहिल्या पाळीत मशीनपाशी होता आणि सुपरवायझर शेजारीच उभा. दुसरी नोकरी बघतोय, हे तिथे तो कसं बोलणार? आज तो दुसरीकडे सेटर आहे, म्हणजे मशीन कामासाठी लावून देतो. त्याचं काम मी पाहिलंय, म्हणून जास्त वाईट वाटतं. तेव्हापासून मी आधी मेसेज टाकून विचारतो, 'पाळी कधी सुटते, कधी मोकळेपणानं बोलता येईल?'

पगार, पाळ्या, ओव्हरटाइम सुरुवातीलाच सांग. पीएफ कापून हातात किती पडणार, तेही.

मग कामाचं विचार. माझा एक प्रश्न ठरलेला आहे: 25 मिलिमीटरचा शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, चाललाय, व्यास 25.03 येतोय, काय करशील? नुसतं पाठ केलेला मुलगा लगेच म्हणतो, "ऑफसेटमध्ये 30 मायक्रॉन कमी करीन." म्हणजे मशीनमध्ये भरलेल्या टूलच्या मापात 0.03 मिलिमीटरची दुरुस्ती. उत्तर चूक नाही. पण ज्यानं मशीनवर रात्री काढल्यात, तो आधी मलाच विचारतो. पहिल्याच नगाला आलं की शंभरेक निघाल्यावर? इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, कधी बदललाय? माप घेणाऱ्या मायक्रोमीटरचा झिरो बघितला का? इन्सर्ट झिजत जातो तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो, हे त्यानं स्वतः अनुभवलेलं असतं. असा उलटा प्रश्न आला की मी वहीत त्याच्या नावापुढे खूण करतो.

आणि विचारून झालं की गप्प राहा. समोर माणूस दिसत नसला की चार सेकंदांची शांतताही आपल्याला जड जाते, आणि मग उत्तर आपणच पुरवतो. त्याला विचार करू दे. बोलणं गावाकडचं आहे, अडखळतंय, म्हणून कुणाला कमी लेखू नकोस; आपल्याला शाफ्ट हवाय, भाषण नको.

हात कसा चालतो ते मात्र फोनवर कळत नाही. त्यासाठी निवडक तिघांना त्यांच्या साप्ताहिक सुट्टीला बोलाव आणि येण्याजाण्याचं भाडं दे. उरलेल्या अकरा जणांनाही 'या वेळी जमत नाही' असं कळव. पोरं वाट बघत बसतात रे, दुसरीकडचं आलेलं काम लांबवतात.

पहिला फोन झाला की मला सांग. रात्री नऊनंतर मी मोकळा असतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
भोसरीचा मित्र