डबल बेल

ठाणे (पूर्व)

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू टीममधल्या त्या नव्या मुलीवर चांगलाच करवादला होतास. "मी स्पष्ट सांगितलं होतं, तरी तिने जुनीच फाईल पाठवली." सांगितलं असशील. पण 'शेवटची फाईल पाठव' यातली शेवटची कुठली, हे तुझ्या डोक्यात होतं. तिच्यासमोर तशा दोन होत्या.

माझी नोकरी लोकलच्या शेपटाला गेली. पुढे मोटरमन, मागे गार्ड, मध्ये बारा डबे, म्हणजे पाव किलोमीटर. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. काम तेच.) एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. फलाटाकडे तोंड करून, दारात लोंबकळणाऱ्यांवर नजर ठेवून बटण दाबायचं: टिंग-टिंग. पण तेवढ्याने माझं काम संपत नसे. पुढून मोटरमनची तीच टिंग-टिंग परत यायला हवी. ती आली की समजायचं, त्याला पोचलं.

मध्ये एक प्रयोग वाचनात आला. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला. समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली ३! वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खी चाल वाजत असते, ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसती टकटक. बेलसुद्धा टकटकच, पण तिचा अर्थ दोघांनी आधीच पाठ केलेला.

आणि ऐकणाराही काही कोरी पाटी नसतो. रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक आवाज कापून तिथे खोकला घातला. लोकांना वाक्य अखंडच ऐकू आलं, खोकला नेमका कुठे आला तेही सांगता येईना. गाळलेली जागा मेंदूने परस्पर भरून टाकली होती. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर हे रोज बघायला मिळतं. घोषणा चालू असताना शेजारून फास्ट भोंगा वाजवत जाते. वाशीवाल्याला वाशी ऐकू येतं, पनवेलवाल्याला पनवेल. दोघेही शपथेवर सांगतील.

म्हणून तिला "कळलं ना?" विचारू नकोस. त्याला सगळे 'हो'च म्हणतात, नव्या नोकरीत तर हमखास. "आता कुठली फाईल, कुणाला पाठवतेस?" असं विचार. मात्र मास्तरकी आवाजात नको, नाहीतर तिला परीक्षा वाटेल आणि ती घाबरून भलतंच बोलेल. तुझा आवाज चढतो, हे तुझ्या आईचंही मत आहे.

तुझा मेसेज मिळाला: 'रविवारी येतो.' आई म्हणते जेवायला, मी म्हणतो संध्याकाळी. एकटा की सूनबाईंसह, तेही कळव. पुरणाची डाळ किती भिजवायची ते ठरत नाहीये.

तुझा,
बाबा